व्यायामशाळांची कुलुपे आणि शासनाचे तारतम्य

८ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने एक आदेश काढून १० जानेवारीपासून राज्यातील व्यायामशाळा पूर्णपणे बंद करण्याचे फर्माविले. दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा आदेश निघाला आणि त्याच व्यायामशाळा निम्म्या क्षमतेने, मुखपट्टी लावून व लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांपुरत्या चालू ठेवण्यास अनुमती मिळाली. या एका दिवसात विषाणू बदलला नव्हता, रुग्णालयांतील खाटा वाढल्या नव्हत्या आणि विज्ञानाने कोणताही नवा शोध लावला नव्हता. मग बदलले काय? आदल्या दिवशी जे लोकांच्या जिवास धोकादायक होते ते दुसऱ्या दिवशी सह्य कसे ठरले, याचे कारण नागरिकांना समजले नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील सारे निर्बंध उठले आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकून तो विषयही मागे टाकला. परंतु निर्बंध उठले म्हणजे त्यांनी उभे केलेले प्रश्न सुटले असे होत नाही. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल, एवढे मात्र इतिहास सांगतो.

व्यायामशाळा हा तसा लहानसा व्यवसाय. साखर कारखानदारी अथवा कापसाचा व्यापार यांच्यापुढे त्याची गणना कोण करणार? पण शासनाच्या विवेकाची परीक्षा मोठ्या हितसंबंधांपुढे होत नसते. ज्यांच्यामागे संघटना नाही, मतपेटी नाही आणि वर्तमानपत्राचे पहिले पान नाही, अशांच्या बाबतीत शासन कसे वागते यावरून ती होते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात व्यायामशाळा चालविणारा माणूस बहुधा भाड्याची जागा घेऊन, कर्ज काढून यंत्रे आणणारा तरुण असतो. महिन्याच्या वर्गणीवर त्याचे भाडे, वीज आणि हप्ता चालतो. पोलीस वा सैन्यभरतीच्या आशेने अंग कमावणारी शेतकरी-शेतमजुरांची मुले त्याच्याकडे येतात. म्हणूनच या कुलुपांचा हिशेब केवळ हौशी देहसौष्ठवाचा नव्हे. तो रोजगाराचा आणि आरोग्याचाही आहे.

बंदीचा क्रम

घटनाक्रम एकदा नीट ध्यानात घेतला पाहिजे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले; ते दुबईच्या सहलीहून परतलेले होते. १३ मार्च रोजी राज्याने साथरोग अधिनियम लागू केला आणि मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड व नागपूर या शहरांतील चित्रपटगृहे, जलतरण तलाव व व्यायामशाळा बंद करण्याची घोषणा मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी विधिमंडळात केली. या यादीत यवतमाळ नव्हते. मोठ्या शहरांपुरता हा रोग राहील असा सर्वांचाच समज होता. परंतु मार्चच्या मध्यासच दुबईहून परतलेल्या प्रवाशांच्या रूपाने यवतमाळातही रुग्ण सापडले, आणि जगाच्या नकाशावरील अंतरे विषाणूला लागू नसतात हा धडा जिल्ह्याला मिळाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली.

केंद्र शासनाने ५ ऑगस्ट २०२० पासून व्यायामशाळा व योगसंस्था उघडण्यास अनुमती दिली. त्यापूर्वी दोन दिवस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नियमावली प्रसिद्ध केली होती : माणशी चार चौरस मीटर जागा, यंत्रांमध्ये सहा फुटांचे अंतर, बाष्पस्नान व जलतरण बंद, वृद्ध व व्याधिग्रस्तांस बंदिस्त व्यायामशाळेत न येण्याचा सल्ला. महाराष्ट्राने मात्र ही अनुमती स्वीकारली नाही. राज्यातील व्यायामशाळा उघडल्या त्या दसऱ्याच्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०२० रोजी. म्हणजे टाळेबंदीपासून सात महिने आणि केंद्राच्या अनुमतीनंतर ८१ दिवस त्या बंद होत्या. पुढे ५ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागले. जूनमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांच्या पाच स्तरांनुसार ते सैल झाले. आणि जानेवारी २०२२ मध्ये वर सांगितलेला एका दिवसाचा प्रकार घडला.

शास्त्र काय सांगत होते?

शासनावर टीका करणाऱ्यांनी प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. व्यायामशाळा बंद करण्याचा निर्णय मुळातच निराधार होता, असे म्हणता येत नाही. श्रम करणारा माणूस विश्रांती घेणाऱ्यापेक्षा कितीतरी पट अधिक हवा आत घेतो व बाहेर टाकतो. बंदिस्त दालनात, गर्दीत, जोराने श्वासोच्छ्वास करणारे पंचवीस-तीस लोक हे हवेतून पसरणाऱ्या रोगाला दिलेले निमंत्रणच होय. दक्षिण कोरियातील चेओनान शहरात फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये संगीताच्या तालावर चालणाऱ्या व्यायामनृत्याच्या वर्गांतून बारा केंद्रांशी निगडित ११२ रुग्ण आढळले. अमेरिकेतील शिकागोच्या एका व्यायामशाळेत ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये दालनातील वर्गांना आलेल्या ८१ जणांपैकी ५५ जणांना बाधा झाली. तेथे व्यायाम करताना मुखपट्टीचा वापर क्वचितच होत होता. ही उदाहरणे हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत.

परंतु त्याच कोरियातील अभ्यासात आणखी एक नोंद आहे आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. बाधित प्रशिक्षकांपैकी एक जण योग व तत्सम संथ व्यायामाचे सात-आठ जणांचे वर्गही घेत होता; त्या वर्गांतील एकालाही बाधा झाली नाही. ऑस्लो येथे मे-जून २०२० मध्ये पाच व्यायामशाळांच्या ३,७६४ सभासदांचे दोन गट पाडून एका गटास अंतर व स्वच्छतेचे नियम पाळून व्यायामास मोकळीक देण्यात आली आणि दुसऱ्यास मनाई करण्यात आली. दोन आठवड्यांनंतर मोकळीक मिळालेल्या गटात एकच बाधित निघाला, आणि तोही त्या काळात व्यायामशाळेत गेलेलाच नव्हता.

या प्रयोगाचा हवाला देऊन त्या काळी अनेकांनी व्यायामशाळा तत्काळ उघडण्याची मागणी केली. तो युक्तिवाद अपुरा होता. नॉर्वेमध्ये त्या वेळी साथ जवळजवळ ओसरली होती; महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये दिवसाला वीस हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. दालनात आलेल्यांपैकी कोणी बाधित असण्याचा संभव जेथे नगण्य, तेथील निष्कर्ष जेथे तो मोठा आहे तेथे जसाच्या तसा लावता येत नाही. केंद्राने साऱ्या देशाला एकाच तारखेस अनुमती दिली तीही त्यामुळे सदोषच होती आणि राज्याने ती न स्वीकारण्यात अविचार होता असे नव्हे.

मग शास्त्राचा खरा निष्कर्ष कोणता? धोका 'व्यायामशाळा' या नावात नव्हता. तो चार गोष्टींवर अवलंबून होता : परिसरातील साथीचा जोर, दालनातील हवेचे येणेजाणे, माणसांची दाटी आणि व्यायामाची तीव्रता. म्हणून निर्णय या चार कसोट्यांवर व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो फलकावरील नावावरून झाला. वातानुकूलित तळघरातील यंत्रशाळा आणि चहूबाजूंनी खुला असलेला मातीचा आखाडा यांना बराच काळ एकच कुलूप लागले.

वऱ्हाडातील हवा

यवतमाळच्या संदर्भात हा भेद विशेष बोलका आहे. एप्रिल-मे महिन्यांत या जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि तेथील सामान्य दालनांत गारव्यासाठी वाळ्याचे वा गवताचे ताटे लावलेले कूलर असतात. वातानुकूलन यंत्र खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा फिरविते. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती बाहेर जाण्यास वाट ठेवल्याखेरीज तो नीट चालतच नाही. म्हणजे हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या दृष्टीने खिडकीत कूलर आणि समोरची दारे उघडी असे गरिबाचे दालन हे श्रीमंती दालनापेक्षा अधिक सुरक्षित ठरण्याचा संभव होता. केंद्राच्या नियमावलीत वातानुकूलनाचे तापमान २४ ते ३० अंश ठेवावे असे बारकाईने सांगितले होते. जून २०२१ च्या राज्याच्या आदेशात मधल्या स्तरांतील जिल्ह्यांत वातानुकूलनास मनाई होती. परंतु एखाद्या दालनात हवा किती खेळते हे पाहून त्यास अनुमती द्यावी, ही साधी कसोटी कोणीच पुढे आणली नाही. याचे एक कारण असे की, विषाणू हवेतून पसरतो ही गोष्टच मान्य होण्यास विलंब लागला. जुलै २०२० मध्ये जगातील २३९ शास्त्रज्ञांना त्यासाठी जाहीर पत्र लिहावे लागले. तोवर आणि त्यानंतरही पुष्कळ काळ साऱ्या व्यवस्थेचे लक्ष हातांवर व पृष्ठभागांवर औषध शिंपडण्याकडेच राहिले.

जिल्हा हे निर्णयाचे केंद्र मानले असते तर काय झाले असते, याचे उदाहरणही यवतमाळनेच दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याचा मोठा भाग साथ संपली अशा भ्रमात असताना अमरावती, अकोला व यवतमाळ येथे रुग्णसंख्या वाढू लागली. १८ फेब्रुवारी रोजी यवतमाळच्या जिल्हा प्रशासनाने २८ फेब्रुवारीपर्यंत शाळा-महाविद्यालये बंद ठेवण्याचा, पाच वा अधिक जणांच्या जमावास मनाई करण्याचा आणि उपाहारगृहे व मंगल कार्यालये यांची उपस्थिती निम्म्याखाली आणण्याचा निर्णय घेतला. ही सरसकट टाळेबंदी नव्हे, असेही स्पष्ट करण्यात आले. निर्णयाच्या तपशिलाविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु स्थानिक परिस्थिती पाहून, मुदत ठरवून आणि प्रमाण राखून निर्बंध घालण्याची ही रीत मुंबईहून निघणाऱ्या सरसकट आदेशांपेक्षा निश्चितच शहाणपणाची होती. जून २०२१ मध्ये बाधितांचे प्रमाण व प्राणवायूच्या खाटांचा वापर यांवरून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडण्यात आले, तेव्हा शासनाने हेच तत्त्व मान्य केले. दुर्दैव इतकेच की ते पंधरा महिन्यांनी मान्य केले आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा विसरले.

मद्यालय आधी, मल्लशाळा मागाहून

लोकांच्या मनाला जी गोष्ट सर्वाधिक बोचली ती क्रमाची. ५ ऑगस्ट २०२० रोजी राज्यात मॉल उघडले. ५ ऑक्टोबरला उपाहारगृहे व मद्यालये निम्म्या क्षमतेने उघडली. व्यायामशाळांना त्यानंतर आणखी वीस दिवस थांबावे लागले. मद्यालयात मुखपट्टी काढल्याशिवाय घोट घेता येत नाही आणि माणसे तेथे तासन् तास समोरासमोर बसून बोलतात. रोगप्रसाराच्या दृष्टीने ते व्यायामशाळेपेक्षा निर्धोक कसे, हे शासनाने सांगितले नाही. महसूल हे कारण असावे, असा तर्क त्यामुळे लोकांनी स्वतःच केला. शासन जेव्हा कारणे देत नाही तेव्हा लोक ती शोधतात, आणि शोधताना ते शासनावर दया करीत नाहीत.

तथापि या बाबतीतही सोपा नैतिक आवेश उपयोगाचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये मद्याची दुकाने बंद असताना याच जिल्ह्यातील वणी येथे हात धुण्याचे निर्जंतुक द्रव प्यायल्याने सात जणांना प्राण गमवावे लागले. बंदीचे परिणाम आदेशाच्या कागदावर दिसत नाहीत. ते माणसांच्या देहावर दिसतात. मद्याचे दुकान बंद करण्याचा परिणाम जसा असतो तसा व्यायामशाळा बंद करण्याचाही असतो. पहिला एका रात्रीत दिसतो, दुसरा सावकाश. रक्तातील साखर वाढते, वजन वाढते, मन खचते. अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियात ४८,४४० कोविडग्रस्तांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत सातत्याने निष्क्रिय राहिलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता जवळजवळ अडीच पट आढळली. अशा नोंदींवरून व्यायाम हेच रोगावरील औषध, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. व्यायाम करणारे मूळचेच निरोगी असू शकतात. परंतु व्यायाम ही केवळ करमणूक असून ती चित्रपटगृहाच्या रांगेत बसवावी, ही शासकीय वर्गवारी किती उथळ होती हे त्यातून उघड होते.

वऱ्हाडाला तरी हे सांगण्याची गरज पडू नये. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. मंडळाच्या स्थापनेनंतर चारच वर्षांनी, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांत व वऱ्हाडात हाहाकार उडविला. देशात सर्वाधिक झळ बसलेल्या प्रदेशांत त्यांची गणना होते. त्या आघातानंतरही या भूमीने व्यायामाकडे चैन म्हणून पाहिले नाही. प्रजेच्या बलसंवर्धनाचे साधन म्हणूनच पाहिले.

सव्वाशे वर्षांपूर्वीचे शस्त्र

हे सारे आदेश ज्या कायद्याच्या बळावर निघाले तो साथरोग अधिनियम फेब्रुवारी १८९७ चा आहे. मुंबईतील प्लेगच्या धास्तीने परकीय सरकारने तो घाईघाईने केला. मोजक्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला आवश्यक वाटेल ते करण्याचा अधिकार दिला, आज्ञाभंगास शिक्षा ठेवली आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांस संरक्षण दिले. कारणे देण्याचे, मुदत घालण्याचे, फेरविचार करण्याचे अथवा नुकसान भरून देण्याचे बंधन त्यात नव्हते. प्रजेकडून आज्ञापालनाखेरीज काही अपेक्षितच नव्हते. त्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या कारभाराचा परिणाम काय झाला हे सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ रोजी ज्यांनी त्याच्यावर गोळी झाडली त्या चापेकर बंधूंनी तरुणांना शारीरिक व लष्करी शिक्षण देणारे मंडळच चालविले होते. आखाड्यातील तरुणांचा ज्या राजवटीवर रोष झाला, तिच्याच कायद्याने स्वतंत्र भारतात आखाड्यांना कुलूप लागावे, हा इतिहासाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल.

जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. त्याने जिल्हा प्राधिकरणास व्यापक अधिकार दिले. परंतु अधिकार आणि त्यांच्या वापराची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटनेने नागरिकास व्यवसायस्वातंत्र्य दिले आहे व सार्वजनिक हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा शासनास ठेवली आहे. 'वाजवी' हा शब्द तेथे शोभेसाठी नाही. जानेवारी २०२० मध्ये, साथ येण्याच्या अगदी तोंडावर, सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात जमावबंदी व इंटरनेटबंदीसंबंधीचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि निर्बंध प्रमाणशीर असले पाहिजेत असे बजावले होते. जे तत्त्व जमावबंदीस लागू, ते व्यवसायबंदीस लागू नसावे असे मानण्यास कारण नाही.

भार कोणी सोसावा?

शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न भरपाईचा. धरणासाठी जमीन घेतली तर शासन मोबदला देते, कारण एकाच्या त्यागावर सर्वांचा लाभ उभा असतो. साथीत व्यायामशाळा बंद ठेवणे हा तसाच त्याग होता. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने ५,४७६ कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक फेरीवाले व रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचे ठरले. ही मदत योग्यच होती. पण व्यायामशाळेचा चालक व तेथील प्रशिक्षक यांना त्या यादीत स्थान नव्हते. कुस्तीच्या फडांवर पोट भरणारे मल्लही तसेच उपेक्षित राहिले. जत्रा बंद, दंगली बंद. महाराष्ट्र केसरीची स्पर्धादेखील जानेवारी २०२० नंतर एकदम एप्रिल २०२२ मध्ये झाली. खुराक मात्र बंद ठेवता येत नाही.

जर्मनीत नोव्हेंबर २०२० मध्ये व्यायामशाळा बंद झाल्या तेव्हा तेथील सरकारने आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील उलाढालीच्या ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य देऊ केले. भारताची तिजोरी जर्मनीची नाही, हे खरे. परंतु बंदीच्या काळातील वीजबिलाचा स्थिर आकार माफ करणे, स्थानिक करात सूट देणे, कर्जाच्या हप्त्यांवरील व्याजाचा बोजा उचलणे हे तरी शासनाच्या आवाक्याबाहेरचे नव्हते. शिवाय भरपाईचा एक लाभ अर्थशास्त्रापलीकडचा आहे : बंदीची किंमत शासनालाही मोजावी लागली, तर शासन बंदी घालताना विचार करील. ज्या निर्णयाची किंमत नेहमी दुसराच मोजतो तो निर्णय सैल हाताने घेतला जातो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ च्या कायद्यातील उणिवा दाखवून त्यात सर्वंकष सुधारणा करण्याची अथवा नवा कायदा करण्याची शिफारस केली. या शिफारशीला गती देणे हे लोकप्रतिनिधींचे काम आहे. पण त्यासाठी मागणी सुशिक्षित वर्गाकडून व्हावी लागेल. नव्या कायद्यात किमान चार गोष्टी असाव्यात. प्रत्येक निर्बंधासोबत त्याचे कारण लिखित स्वरूपात प्रसिद्ध व्हावे. निर्बंध जिल्ह्याच्या स्थितीवरून आणि जागेच्या वायुवीजन, दाटी व वापर यांवरून ठरावा, व्यवसायाच्या नावावरून नव्हे. दर पंधरवड्यास फेरविचार व्हावा आणि तो न झाल्यास आदेश आपोआप संपावा. आणि दीर्घ बंदीची झळ सोसणाऱ्यास ठरलेल्या प्रमाणात साहाय्य मिळावे.

साथीच्या ऐन भरात अशा कायद्याचा विचार होत नाही. तेव्हा खाटा, प्राणवायू आणि स्मशाने यांपलीकडे कोणास काही सुचत नाही. साथ ओसरल्यावर तो होत नाही, कारण लोक विसरतात. दोहोंमधला जो थोडा काळ शहाण्या समाजाला मिळतो, तोच हा काळ आहे. यवतमाळ, पुसद वा वणीच्या तरुणांनी आज पुन्हा दंड-बैठकांना आरंभ केला आहे. त्यांच्या आखाड्याच्या दारावर पुन्हा कधी कुलूप लावण्याची वेळ आलीच, तर ते का लागले आणि केव्हा निघेल हे त्या दारावरच लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा लोकशाहीत अवाजवी ठरू नये.